शकूताईंची पोच

परवा दुपारी मी आमच्या कचेरीच्या आवक खिडकीजवळून जात होतो. एका गृहस्थांनी अर्ज आत सरकवला आणि तसेच वळून चालायला लागले. आतून रफीकभाई ओरडले, "अरे साहब, पावती तो लेते जाइए!" गृहस्थ म्हणाले, "रहने दो भाई, भरोसा है." रफीकभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघांच्या मनात एकच नाव आलं. रफीकभाई म्हणाले, "पांडे मैडम होतीं ना, तो इनको यहीं बिठाकर भरोसे का मतलब समझातीं."

पांडे मैडम म्हणजे आमच्या शकूताई. खरं आडनाव पांढरीपांडे. नागपूरचं सरकारी दप्तर भोपाळला हललं तेव्हा त्यांचे वडील त्याच्यासोबत आले, आणि आडनावही आलं. पण इथल्या हिंदी तोंडांना ते झेपेना, म्हणून पुढचं अर्धं गळून पडलं. उरलेल्या पांडेमुळे निम्मी कचेरी त्यांना उत्तर प्रदेशातलं समजायची. दर होळीला कुणीतरी हमखास तिकडच्या गोड करंजीबद्दल विचारायचं, "मैडम, आपके यहाँ गुझिया बन गई?" ताई मान वर न करता सांगायच्या, "बन जाएगी, आपके घर से आएगी तब."

मी नोकरीला लागलो तो त्यांच्या हाताखाली, आवक-जावक शाखेत. बुटक्या, कडक इस्त्रीची सुती साडी, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला आणि उजव्या अंगठ्याला कायमची जांभळी शाई. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "सोनटक्के, एक गोष्ट ध्यानात ठेव. काम होणं न होणं साहेबांच्या हातात. पोच मिळणं आपल्या हातात. ज्याच्याजवळ पोच आहे, त्याला कोणी म्हणू शकत नाही की बाप्पा, तू आलाच नव्हता." मला वाटलं, ही बाई डोकं खाणार. खाल्लंच. पण आज तीस वर्षांनी सांगतो, नोकरीतलं एवढंच शिक्षण माझ्या कामी आलं.

घरीसुद्धा तेच. दूधवाल्याची रोज सही. वाण्याकडे यादी दिली तर दुसऱ्या प्रतीवर त्याची सही. गणपतीला नवस बोलत नसत, कारण विचाराल तर म्हणायच्या, "त्याच्या खिडकीवर पोच देत नाहीत." कागदाला स्टेपलर मारलेला त्यांना खपत नसे, टाचणीच हवी. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे ते लाल पेन. कुठलाही कागद मार्गी लागला, की त्याच्या स्वतःजवळच्या प्रतीवर, उजव्या कोपऱ्यात, लाल शाईनं लिहायचं 'नस्तीबद्ध' आणि खाली ती लफ्फेदार सही. नस्तीबद्ध म्हणजे आमच्या सरकारी भाषेत विषय संपला, कागद फायलीत झोपवा. विजेचं बिल भरलं की नस्तीबद्ध. भाचीचं प्रगतिपुस्तक बघून झालं की नस्तीबद्ध. माझ्या लग्नाला येऊन गेल्यावर त्यांनी पत्रिकेवरही तेच लिहून ठेवलेलं होतं. माझ्या बायकोनं ती एकदा त्यांच्याकडे पाहिली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जशी ती सही मीच केली होती!

शकूताईंनी लग्न केलं नाही. शाहपुऱ्यात तलावाच्या बाजूला दोन खोल्यांच्या घरात त्या आणि केतकी, त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. केतकीला त्यांनी सातव्या वर्षापासून वाढवलं. पोरगी गणितात भारी. एमएस्सी झाली, कोचिंगमध्ये शिकवायला लागली, आणि संध्याकाळी मोबाइलवर पोकर खेळायला लागली. पोकर म्हणजे पत्त्यांचाच खेळ, हातात काय आहे ते लपवून बोली वाढवत न्यायची. केतकी वही घेऊन बसायची. प्रत्येक डावात आपण काय विचार केला ते लिहून काढायची, चुकलेल्या डावाखाली रेघ मारायची. ताई शेजारी बसून मेथी निवडायच्या आणि मधूनच विचारायच्या, "ही रेघ काहून मारली?" दोघींचं बरं चाललं होतं.

मग केंद्राचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ एका फटक्यात बंद झाले. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. असल्या खेळांपायी हैराण झालेली माणसं मी पाहिली होती. ताई तोवर निवृत्त झाल्या होत्या. मी पेढे घेऊन गेल्यासारखा त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "सुटलात ताई, पोरगी आता जागेवर येईल."

ताईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझ्या पहिल्या दिवसाची आठवण झाली.

"वसंता माहीत आहे ना तुला?" त्या म्हणाल्या. वसंता म्हणजे त्यांचा भाऊ, केतकीचा बाप. त्याच्याबद्दल त्या कधी बोलत नसत. "करोंदच्या मंडीत तोलाईचं काम होतं त्याच्याकडे. गोदामामागं पत्ते चालायचे. तेही बंदच होते, कायद्यानं. तिथल्या लोकांनी खुणा केलेले पत्ते वापरून त्याला नागवलं, वर मारायची धमकी दिली. मी म्हटलं, चल, ठाण्यात तक्रार देऊ. तो म्हणाला, अक्का, तिथं गेलो तर आधी मीच आत जाईन. खोटं नव्हतं ते. दुसऱ्या दिवशी गेला घरून, पोरीला माझ्याकडे झोपवून. तो गेला तो गेलाच." मग म्हणाल्या, "बंद केलं म्हणजे संपत नाही रे. फक्त आपल्याला दिसत नाही. आणि तिथं तक्रारीची खिडकी नसते."

तेव्हा कुठे मला कळलं की त्यांची झोप का उडाली होती. केतकीला एका ओळखीतून निरोप आला होता. इंदूरच्या वाटेवर कुणाच्या तरी फार्महाऊसवर पैसे लावून खेळायला बसतात, चांगले खेळणारे हवेत, मोबाइल दारातच काढून घेतात. केतकीनं आत्यापासून लपवलं नाही, एवढं चांगलं. पण ती गेली नसती असंही नाही. जे तिला जमत होतं ते एका दिवसात गुन्हा ठरलं, याचा तिला राग होता. दोघींमध्ये दोन दिवस धुसफुस झाली आणि मग ताईंनी तिच्याशी सौदा केला. ताई सरकारला अर्ज करणार. त्याचं उत्तर येईपर्यंत केतकी कुठंही बसणार नाही. केतकी म्हणाली, "ठीक आहे आत्या, जवाब येईपर्यंत पक्का." ताईंनी ते कागदावर लिहून तिची सही घेतली, हे सांगायला नकोच.

अर्ज मी पाहिला. पस्तीस वर्षांचा हात होता तो! ऑनलाइन पोकर बंदीऐवजी परवान्याखाली आणावा, अशी राज्यानं केंद्राकडे शिफारस करावी. वयाची अट असावी. रोज किती खेळायचं याला मर्यादा असावी. ज्याला थांबता येत नाही त्याला स्वतःचं नाव स्वतः बंद करून घेता यावं, आणि घरच्यांनाही तशी सोय असावी. पत्ते वाटणारं यंत्र सरकारनं तपासावं. आणि शेवटचं कलम, ज्याच्याखाली त्यांनी पट्टी धरून रेघ मारली होती: तक्रारीसाठी खिडकी असावी आणि तिथे पोच मिळावी.

"सही कर," त्या म्हणाल्या. मी चपापलो. म्हटलं, "ताई, मी सरकारी नोकर. सरकारलाच अर्ज कसा करू?" त्या म्हणाल्या, "बरं." नुसतं बरं. त्या 'बरं'नं मला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

सह्यांसाठी त्यांनी आपलं भजनी मंडळ गाठलं. मी तबला वाजवायला जायचो, म्हणून तो सगळा तमाशा माझ्यादेखत झाला. आरती झाली, प्रसाद झाला, आणि ताईंनी पिशवीतून अर्ज काढला. बायका एकदम कावऱ्याबावऱ्या. मुळेकाकू तर कानावर हात ठेवून म्हणाल्या, "शकू, अगं जुगार तो! देवासमोर काय बोलतेस?"

"जुगार आहे की नाही ते मागाहून ठरवू," ताई म्हणाल्या. "आधी बसा, पत्ते वाटते." आणि खरंच पत्त्यांचा जोड काढला. प्रसादातले शेंगदाणे प्रत्येकीपुढे ओंजळभर ठेवले. खेळ समजावला. मी तबल्यावर कोपर टेकून बघत राहिलो. पहिले दोन डाव नुसता गोंधळ. तिसऱ्या डावात मुळेकाकू शांतपणे शेंगदाणे पुढे सरकवत गेल्या. चेहऱ्यावर तोच भजनातला भाव. एकेक बाई घाबरून पत्ते टाकत गेली. सगळे शेंगदाणे काकूंच्या पदरात. ताईंनी काकूंचे पत्ते उलटून दाखवले तर हातात काहीच नाही, नुसता कचरा! जो हशा पिकला की बस. काकू लाजून म्हणाल्या, "अगं बाई, मला वाटलं हे फक्त नशिबाचं असतं."

हसणं ओसरल्यावर ताईंनी विचारलं, "आता समजा, काकूंनी पत्ता लपवून फसवलं असतं. तुम्ही कुणाकडे गेला असता?"

"तुझ्याकडे," सगळ्या म्हणाल्या.

"कारण मी इथं समोर बसले आहे. मोबाइलमध्ये कोण बसलंय? आणि फार्महाऊसवर?"

मुळेकाकूंनी पदराला हात पुसले आणि पहिली सही केली. मग एकेक करत बाकीच्यांनी केली. दोघींनी नाही केली. त्यांच्या घरात कुणी ना कुणी या खेळात पोळलेलं होतं. ताईंनी त्यांना आग्रह केला नाही. उलट एकीला म्हणाल्या, "तुझ्यासाठी तर ते बंद करून घ्यायचं कलम घातलंय."

अर्ज ताईंनी स्वतः नेऊन दिला. आपल्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. रफीकभाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला. ताई पोच घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "सरळ शिक्का आहे बघ." खूश होत्या.

मग महिना गेला. दोन गेले. चार गेले. उत्तर नाही. दर सोमवारी ताईंचा फोन यायचा, "काही कळलं का रे?" मी म्हणायचो, चालू आहे. तिकडे फार्महाऊसवाल्यांचे निरोप केतकीला सुरूच होते. ती कोचिंगहून आली की खोलीचं दार लावून घ्यायची. ताईंचं वजन उतरलं. शेवटी माझ्यानं राहवेना. ज्या शाखेत अर्ज गेला होता तिथल्या मित्राला मी गाठलं आणि नस्ती काढायला लावली.

नस्ती मिळाली. अर्ज त्यात व्यवस्थित टाचणीनं लावलेला होता. उजव्या कोपऱ्यात लाल शाईत लिहिलेलं होतं 'नस्तीबद्ध'. खाली लफ्फेदार सही.

मी खाली बसलो. मित्र म्हणाला, "क्या हुआ? पांडे मैडम का ही तो आदेश है. हमने बंद कर दी." आता त्याला काय सांगू? ती सही अजून अर्धी कचेरी ओळखते. ताई निवृत्त झाल्या हे लोक विसरले होते, सही विसरले नव्हते. झालं असं होतं, की ताईंनी घरून निघण्याआधीच सवयीनं आपल्या जवळच्या प्रतीवर शेरा मारून ठेवला होता, आणि खिडकीवर नेमकी तीच प्रत आत गेली. स्वच्छ प्रत पोच घेऊन घरी आली. शिक्का सरळ आहे का एवढंच बघितलं, कागद बघितला नाही.

मी त्यांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. कपाटातून आपली प्रत काढली, कोपरा बघितला. कोरा. बराच वेळ त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. "सोनटक्के," त्या म्हणाल्या, "मीच झोपवला रे. माझ्याच हातानं झोपवला." इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आतल्या खोलीच्या दारात केतकी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती वळून आत गेली.

तिसऱ्या दिवशी मी पाठ धरल्यामुळे रजेवर होतो. दुपारी साडेबाराला ताईंचा फोन. "केतकी सकाळपासून नाही. कोचिंगला गेली नाही. मोबाइल बंद."

पाठ विसरून मी आनंद नगरहून रिक्षा केली आणि शाहपुऱ्याला पोचलो. ताई दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर केतकीचा तो सही केलेला कागद. "तिनं वचन नाही मोडलं," त्या म्हणाल्या. "उत्तर येईपर्यंत, असं लिहिलंय. आता उत्तर कुठून येणार? मीच विषय संपवला." मी म्हटलं, मोबाइलची बॅटरी गेली असेल. त्या म्हणाल्या, "दारातच काढून घेतात रे मोबाइल. तूच ऐकलंस ना."

मी म्हटलं, ठाण्यात जाऊ या. ताई उठल्यासुद्धा. चप्पल पायात घातली. मग तशाच थांबल्या. "काय सांगू तिथं? मुलगी बंदी असलेला खेळ खेळायला गेली म्हणून? आधी तिलाच धरतील." आणि परत खुर्चीवर बसल्या. मला तेव्हा वसंताचं वाक्य आठवलं. अर्जातलं शेवटचं कलम मी दहादा वाचलं होतं. ते खरं म्हणजे कशासाठी लिहिलंय, हे मला त्या खुर्चीसमोर उभं राहून समजलं. सही केली नाही याची इतकी लाज वाटली की विचारू नका.

दोन वाजले, चार वाजले. मी चहा केला, तो तसाच गार झाला. मुळेकाकूंकडे फोन केला तर त्या घरी नव्हत्या. ताई मधेच उठून वसंताच्या फोटोवरची धूळ पुसून आल्या, धूळ नव्हती तरी.

पावणेसहाला जिन्यात पावलं वाजली. केतकी वर आली. केस विस्कटलेले, ओढणी घामानं ओली, तोंड उन्हानं लाल. ताईंना बघून ती घाबरली. "आत्या, काय झालं? सोनटक्के काका कसे काय?"

"कुठं होतीस?" ताई खुर्चीचा हात धरून उठल्या.

"तुझ्याच ऑफिसला. अगं आजपासून शेजारी विधानसभा चालू झाली ना, गेटवर सगळ्यांचे मोबाइल जमा करून घेतायत. वापस घेतला तर बॅटरी खतम." तिनं पिशवी उघडली. "काल पूर्ण अर्ज परत टाइप केला. सकाळी सगळ्या काकूंच्या घरी जाऊन सह्या घेतल्या. मुळेकाकू तर माझ्यासोबतच होत्या, लायनीत. रफीकभाईंचं लंच झालं, मग सर्व्हर गेला, मग परत लाइन. हे घे." आणि तिनं पोच आत्याच्या हातात दिली.

ताईंनी पोच उजेडाकडे धरली. आवक क्रमांक वाचला. तारीख वाचली. मग कागद पालथा केला, चारही कोपरे बघितले. लाल शाई कुठेच नव्हती. "शिक्का वाकडा मारलाय रफीकनं," त्या म्हणाल्या, आणि पोरीला जवळ ओढून तिच्या ओल्या ओढणीत तोंड खुपसून रडायला लागल्या. हसतही होत्या. केतकी म्हणत होती, "अगं पण मी अशी कशी जाईन तिकडे? वेडी आहेस का तू?" माझ्या छातीवरचा दगड उतरला तो असा उतरला, की पाठ दुखते आहे हे मला तेव्हा पुन्हा आठवलं.

त्या अर्जाचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. वरून खाली, खालून वर फिरतोय, एवढं मी बघून ठेवलंय. यंदा केतकीला नागपूरच्या कॉलेजात नोकरी लागली आणि दोघी तिकडे गेल्या. ताईंचा सोमवारचा फोन चुकत नाही. पुरवणी अर्ज गेला त्यात माझी सही आहे. बारावी. साहेबांनी बोलावून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, नागरिक म्हणून केली आहे.

पण मला ताई आठवतात त्या त्याच संध्याकाळच्या. मी निघालो तेव्हा त्या जिन्यापर्यंत आल्या आणि ते लाल पेन माझ्या खिशात अडकवलं. "हे तू ने. माझ्या हातात नको." मी चार पायऱ्या उतरलो आणि मागं वळून पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या, पोच छातीशी धरलेली. आतून केतकी भूक लागली म्हणून ओरडत होती.

"सोनटक्के," त्या हळूच म्हणाल्या, "उत्तर येवो, न येवो. पोर खिडकीवर गेली रे. वसंताची पोर खिडकीवर गेली."

आणि पोळ्या टाकायला आत गेल्या.